भाकरी थापायला लावता, यात उपचार कसला?

तुम्ही विचारलंत म्हणून हे लिहायला घेतलं. जळगाव-धुळ्याकडे ऑक्युपेशनल थेरपीचं, म्हणजे रोजची कामं करून घेत पेशंटला पुन्हा कामाला लावण्याच्या आमच्या उपचाराचं, नाव निघालं की प्रश्न ठरलेला असतो. "मशीन नाही, शेक नाही, नुसतं परातीसमोर बसवता, शर्टाची बटणं लावायला सांगता. हाऊ काय इलाज शे? भाकरी तर आमच्या घरी रोजच होते." लकव्याचा पेशंट घेऊन आलेली माणसं हे काळजीपोटी विचारतात. तरीही दरवेळी लागतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली कमलाबाई निंबकरांनी या विषयाचं शिक्षण सुरू केलं. एवढ्या वर्षांनंतरही उपचार म्हणजे तार लावलेली पेटी, हीच समजूत आहे.

उजवी बाजू गेलेल्या एका बाईंचं सांगतो म्हणजे कळेल. घरच्यांनी त्यांची सेवा मनापासून केली होती. दाराच्या चौकटीला कप्पी बांधली, चांगल्या हाताने दोरी ओढून लुळा हात डोक्यावर न्यायचा. दुसऱ्या वेळेला रबरी चेंडू दाबायचा. दोन्ही सल्ले शेजारपाजारचे. आल्या तेव्हा हाताचा पंजा सुजून चकाकत होता, बोटं मिटत नव्हती, आणि खांद्याला नुसतं बोट लावलं तरी बाई ओरडायच्या.

कप्पीने काय होतं ते बघा. लकव्यानंतर खांदा धरून ठेवणारे स्नायू सैल पडतात. हाताच्या वजनाने दंडाच्या हाडाचा गोळा खाली उतरतो आणि वरच्या हाडाखाली बोट बसेल एवढी खाच पडते. आपण हात पूर्ण वर नेतो तेव्हा १८० अंशांपैकी साधारण ६० अंश पाठीवरचा फरा फिरतो, बाकीचे खांद्याच्या सांध्यातून येतात. लकव्यात फरा आपण होऊन फिरत नाही. दोरीने हात ओढला की तो गोळा वरच्या हाडावर आदळतो आणि मधला मांसल भाग चेंगरतो. पेशंट जितका जिद्दीचा, तितकं नुकसान जास्त.

चेंडूचंही तसंच. हातात ताठरपणा यायला लागला की बोटं आपोआप मुठीकडे ओढली जातात. मिटणाऱ्या बोटांना अजून मिटायला शिकवून काय मिळणार? त्यांना उघडायला शिकवायचं असतं.

आणि इथेच भाकरी येते. मळताना बोटं वळतात, थापताना मात्र पंजा सपाट होतो, मनगट मागे जातं, बोटं पसरतात. ताठर हाताला हवं ते नेमकं हेच. पण घरातली भाकरी तशीच्या तशी चालत नाही. ज्वारीचं पीठ गरम पाण्याने मळतात आणि लकव्याच्या हाताला बऱ्याचदा चटका कळत नाही, म्हणून पीठ दुसऱ्याने मळून कोमट होऊ द्यायचं. परात टेबलावर, खाली ओलं फडकं, म्हणजे सरकत नाही. आधी लुळ्या पंजावर चांगला पंजा ठेवून तळव्याच्या टाचेने दाबायचं, दंडावर भार यायला हवा. खांदा कानाकडे चढला किंवा बोटं वळायला लागली की थांबायचं, गोळा लहान करायचा. ते जमलं की चांगला हात काढून घ्यायचा. तव्यावरची भाकरी फार पुढे. कामाची पायरी चढवायची कधी, उतरवायची कधी, हे ठरवणं म्हणजे आमचं शिक्षण. बाईंची कप्पी त्याच दिवशी सोडवली, हात बसताना उशीवर, दंडाला धरून कुणी ओढायचं नाही असं घरात बजावलं. सूज उतरली, दुखणं खूप वेळ राहिलं.

बाईंना मात्र भाकरी नको होती, मांडे करायचे होते. पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर झेलत पसरवून खापरावर टाकायचा, त्याला दोन्ही कोपर आणि मनगटं मोकळी फिरायला लागतात. ते झालं नाही.

यावरून माझं माझ्याशीच भांडण आहे. हात सुधारण्यामागे लागायचं की डाव्या हाताने काम शिकवून मोकळं व्हायचं? पूर्वी मला वाटायचं, दोन स्टीलचे खिळे ठोकलेली फळी देऊन एका हाताने वांगं चिरायला शिकवणं म्हणजे हार. त्या फळीमुळे बाई सुनेच्या हाताखालून सुटल्या, हेही डोळ्यांनी पाहिलं. पण ज्या हाताला काम नसतं त्या हाताचा मेंदूलाही विसर पडतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांची पद्धत याच्यावरच उभी आहे: चांगला हात जागेपणी ९० टक्के वेळ बांधून ठेवायचा, लुळ्या हाताकडून रोज सहा तास काम करून घ्यायचं, दोन आठवडे. मनगट आणि बोटं थोडी तरी उघडत असली तरच ती लागू पडते. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत घरचं कोण सहा तास समोर बसणार? आमच्याच विषयातले अभ्यासक कील्होफनर १९८० पासून सांगत आले की माणसाची ओढ, सवयी, क्षमता आणि भोवताल एकत्र बघा. मला ते पटतं. पण बाईंची ओढ मांड्यांची, क्षमता भाकरीची. मग उपचार कशाचा करायचा? पहिल्या तीन ते सहा महिन्यांत हात सर्वांत जास्त सुधारतो, म्हणून तोवर सुधारण्यावर जोर द्यायचा, असं म्हणणं सोपं. तोवर बाईंनी जेवायचं कुणाच्या हाताने?

फिजिओशी माझं वैर नाही, अनेकदा दोघं लागतात. झोक्यावर बसवलेल्या ऑटिझमच्या मुलाबद्दलही असंच विचारता. त्यामागे ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांचं संवेदनांचं शास्त्र आहे, पण तो विषय स्वतंत्र लिहावा लागेल.

पहिल्यांदा याल तेव्हा एमआरआयची फाईल आणाच. शिवाय चूल जमिनीवर की ओट्यावर, संडासची बैठक कसली, मोरीचा उंबरा किती इंच, आणि आजारापूर्वी माणूस सकाळी उठल्यापासून काय काय करायचा, हे लिहून आणा.