डिस्क गेली नव्हती

‘‘दादा, राइट क्लिक केलं की ‘डिलीट व्हॉल्यूम’ एवढंच येतंय. दाबू ना?’’

‘‘ताई, आधी माउसवरचा हात काढा,’’ म्हणत मी हातातला स्क्रू ड्रायव्हर ठेवून त्यांच्या स्क्रीनपाशी गेलो.

संगणक दुरुस्तीच्या कामात ‘डिस्क गेली’ हे वाक्य रोजचंच. ताई व्हिडिओ एडिटिंग करतात. सहकाऱ्याने अख्ख्या कामाचं फुटेज एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाकून पाठवलं होतं आणि कॅमेऱ्याची कार्डं पुन्हा वापरायची म्हणून पुसूनही टाकली होती. म्हणजे जे काही होतं ते त्या एका डिस्कवर. पीसीला जोडली की दिवा लागायचा, आतली चकती फिरतेय हे हाताला कळायचं, पण ‘धिस पीसी’मध्ये डिस्कचा पत्ताच नाही. फुटेज काढून द्या आणि नवी कोणती घेऊ तेही सांगा, म्हणून त्या पीसीसकट आल्या होत्या.

मी डिस्क मॅनेजमेंटची, म्हणजे जोडलेल्या सगळ्या डिस्क दाखवणारी विंडोजची खिडकी नीट पाहिली. सुरुवातीला २०० एमबीचं ईएफआय पार्टिशन (डिस्कचा वेगळा राखलेला छोटा भाग), पुढे उरलेली सगळी जागा व्यापणारं एक मोठं. त्याला ना ड्राइव्ह लेटर (D:, E: असं अक्षर), ना फाइल सिस्टिमचं, म्हणजे फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीचं नाव. मरायला टेकलेली डिस्क सहसा इतकी शिस्तीत दिसत नाही.

‘‘सहकारी मॅकवर काम करतात?’’

‘‘हो. का?’’

मॅकवर एपीएफएस या अ‍ॅपलच्या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट केलेली डिस्क विंडोजला आपणहून वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही ते पुसण्यापलीकडे त्याच्याकडे दुसरा सल्ला नसतो. आमच्याकडच्या मॅकला लावली. सगळे फोल्डर समोर. ताई तेव्हा कुठे खुर्चीत बसल्या.

फुटेज एक्सफॅट या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट केलेल्या डिस्कवर उतरवलं, कारण ते मॅक आणि विंडोज दोन्हीकडे वाचता-लिहिता येतं. विंडोजचं एनटीएफएस मॅक नुसतं वाचतो, त्यावर लिहीत नाही. जुनं फॅट३२ तर व्हिडिओवाल्यांनी विसरावंच. ४ जीबीची एक फाइल त्यात मावत नाही.

नव्या डिस्कचं ताईंनी मनात ठरवलेलं होतं : सेकंदाला १,००० एमबीची एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क). मी पीसी फिरवून पाहिला. त्या नेहमी वापरत ती पुढची पोर्टं यूएसबी २.० ची. तिथे कितीही भारी डिस्क लावा, सेकंदाला ३५-४० एमबी. ४०० जीबी फुटेजला तीन तास सहज. मागे दोन निळी यूएसबी ३.० पोर्टं मात्र धूळ खात पडलेली. तिथेही त्या एसएसडीला निम्मासुद्धा वेग मिळाला नसता, कारण त्या पोर्टाची मर्यादाच ५ जीबीपीएस, म्हणजे सेकंदाला ५ गिगाबिट; प्रत्यक्षात ४००-४५० एमबीच्या आसपास. खोक्यावरचा आकडा खरा असतो, पण तो तुमच्या पोर्टाला विचारून छापलेला नसतो.

म्हणून मी दोन साध्या हार्ड डिस्क सुचवल्या, मागच्या पोर्टाला लावायच्या. एक एक्सफॅट, सहकाऱ्याशी देवाणघेवाणीला. दुसरी एनटीएफएस, पीसीपाशीच राहणारी. एक्सफॅटला जर्नलिंग, म्हणजे डिस्कवर होणाऱ्या बदलांची आधी नोंद ठेवायची सोय नाही. कॉपी चालू असताना केबल उपटली तर घोळ व्हायची शक्यता जास्त, त्यामुळे एकमेव प्रत त्यावर ठेवायची नाही, एवढं मी त्यांना बजावूनच सांगितलं.