क्लीव्हलँडच्या पहाटेचा आवाज

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मी दहा दिवस अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहराच्या सोलन या उपनगरात मावसभावाकडे राहिलो. दादा पहाटे साडेसहाला कामावर निघत असे आणि वाटेत मला शहराच्या मध्यभागी सोडत असे. बाहेर मिट्ट काळोख असायचा, वायपर काचेवरचे दव पुसत असायचा आणि गाडी सुरू होताच रेडिओवर आकडा उमटायचा : १००.७. हे डब्ल्यूएमएमएस, गिधाडाचे बोधचिन्ह मिरवणारे शहरातले सर्वांत गाजलेले रॉक स्टेशन.

पहिल्या दिवशी मी गिटारची वाट पाहत बसलो, पण अर्धा तास झाला तरी एकही गाणे लागले नाही. चालू होत्या त्या 'रोव्हर्स मॉर्निंग ग्लोरी'मधल्या गप्पा. मी दादाला विचारले, "अरे, यात रॉक कुठे आहे?" तो म्हणाला, "सकाळी इथे माणसं बोलतात. ऐक तर खरं."

मी ऐकू लागलो. काही बोलणे भडक होते आणि ते मला मुळीच रुचले नाही. पण रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या एका परिचारिकेचा फोन लागला, तेव्हा सगळे निवेदक गप्प झाले आणि तिचे म्हणणे पुरते संपेपर्यंत कोणीही मध्ये बोलले नाही. आकाशवाणीवर श्रोत्यांची पत्रे ऐकत वाढलेल्या मला हा जिव्हाळा ओळखीचा वाटला.

रॉक स्टेशनवर इतके बोलणे का, याचे उत्तर मला इतिहासात सापडले. १९५१ मध्ये डब्ल्यूजेडब्ल्यू या स्टेशनवर अ‍ॅलन फ्रीड हा निवेदक रात्री, रॉक ज्यातून निघाले त्या ऱ्हिदम अँड ब्लूजच्या तबकड्या वाजवू लागला. गोरी मुलेही हे कृष्णवर्णीयांचे संगीत विकत घेत आहेत, हे रेकॉर्डविक्रेते लिओ मिंट्झ यांनी आपल्या दुकानात पाहिले होते आणि त्यांनीच फ्रीडला ते वाजवण्याचा आग्रह धरला. फ्रीड मात्र नुसत्या तबकड्या लावून थांबत नसे. माईक चालू ठेवून तो गाण्यातच ओरडे, टेलिफोन डिरेक्टरीवर ताल धरी, ऐकणाऱ्यांशी बोलत राही. २१ मार्च १९५२ रोजी त्याने क्लीव्हलँड अरेनामध्ये जलसा ठेवला, तेव्हा सुमारे दहा हजारांच्या जागेत त्याहून कितीतरी जास्त लोक लोटले आणि पोलिसांना तो सुरू होताच थांबवावा लागला. म्हणजे या शहरात रॉक आणि बडबड एकाच माईकवर वाढली. सकाळच्या गप्पा ही संगीतात झालेली घुसखोरी नव्हे, हे मला तेव्हा पटले.

सत्तरच्या दशकात डब्ल्यूएमएमएसवरचा निवेदक किड लिओ दर शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजून ५५ मिनिटांनी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचे एकच ठरलेले गाणे लावत असे आणि त्या क्षणी शहराचा आठवडा संपत असे. ९ ऑगस्ट १९७८ रोजी स्टेशनच्या दहाव्या वर्धापनदिनानिमित्त स्प्रिंगस्टीन अगोरा सभागृहात गायला आणि तो कार्यक्रम रेडिओवरून थेट प्रक्षेपित झाला. स्टेशनांमधली चुरसही तितकीच तीव्र असे. १९९४ मध्ये रेडिओ निवेदक हॉवर्ड स्टर्नचा, डब्ल्यूएनसीएक्स या प्रतिस्पर्धी स्टेशनवर लागणारा कार्यक्रम क्लीव्हलँडमधून थेट चालू असताना डब्ल्यूएमएमएसच्या एका तंत्रज्ञाने त्या प्रक्षेपणाची तार कापली आणि त्यासाठी त्याला तुरुंगात जावे लागले.

ईरी सरोवराकाठचे रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम हे संग्रहालय मी पाहिले, आय. एम. पेई यांनी आखलेला तो काचेचा पिरॅमिड देखणा आहे. पण मला खरी ओढ होती ती लेक व्ह्यू दफनभूमीची. फ्रीडच्या अस्थी काही वर्षे त्या संग्रहालयात होत्या. २०१४ मध्ये त्या तिथून काढण्यात आल्या आणि आता लेक व्ह्यूमध्ये विसावल्या आहेत. शनिवारी दादा मला तिथे घेऊन गेला. जवळच राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांचे भव्य स्मारक आहे, आणि फ्रीडच्या जागेवर ज्यूकबॉक्सच्या, म्हणजे नाणे टाकताच गाणे वाजवणाऱ्या पेटीच्या, आकाराचा दगड उभा आहे. त्यावर पडलेली मेपलची ओली पाने दादाने हाताने बाजूला केली, आणि आम्ही दोघे बराच वेळ काही न बोलता तिथे उभे राहिलो.