ठराव झाला, पुढे काय?

आमच्या अंगणवाडीच्या छताचे पत्रे बदलायचा ठराव ग्रामसभेत झालाय. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. सूचक, अनुमोदक, 'सर्वानुमते मंजूर', खाली सह्या. प्रोसिडिंगच्या वहीत काहीच कमी नाही. पाऊस लागला की मदतनीस मावशी आधी खिचडीचं पातेलं कोरड्या कोपऱ्यात नेतात, मग पोरांना तिकडे सरकवतात.

सभेची रीत सगळ्यांना पाठ झालीये. कोरमला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली कमी असेल ती संख्या लागते. आमच्या गावात म्हणजे शंभर. ते भरत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही. मग गावाचा विकास आराखडा ओट्यावर बसलेल्या मोजक्या मंडळींसमोर मंजूर होतो. न येणाऱ्यांना मी दोष देणार नाही. कांदाकाढणीच्या दिवसांत रोज बुडवून माणूस येतो, दोन तास बसतो आणि मागच्याच सभेतला विषय पुन्हा ऐकतो. पुढच्या वेळी तो कशाला येईल?

मला खरं खटकतं ते पुढे आहे. पत्र्यांचं विचारलं की ग्रामपंचायत सांगते, प्रस्ताव पंचायत समितीकडे पाठवलाय. तिथे गेलं की कळतं, अंदाजपत्रक आलेलं नाही. ते करायचं कुणी, तर बांधकामाच्या अभियंत्यांनी. त्यांच्याकडे तर कागदच नाही. ग्रामसेवकांकडे दुसऱ्या गावाचाही कार्यभार. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर वाटतं, आणि पत्रे तसेच. कर्तव्यात कसूर केल्यास सरपंचाला, सदस्याला पदावरून काढण्याची तरतूद ग्रामपंचायत कायद्यात आहे. पण काम कुणाचं आणि कधीपर्यंतचं, हेच ठरावात नसेल, तर कसूर कुणाची म्हणायची?

ग्रामसभा म्हटली की वेळकाढूपणा, असं बोलणाऱ्यांना मी गडचिरोलीतल्या मेंढा लेखाचं उदाहरण देते. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. एखाद्याचं समाधान होत नसेल तर विषय थांबतो, पुन्हा बसतात. वेळ लागतोच. पण त्याच ग्रामसभेने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार आपल्या हाती घेतला. ठरवायला उशीर लागला तर लागू दे. ठरल्यावर काम कुणाच्या तरी अंगावर पडलं पाहिजे.

म्हणून येत्या सभेसाठी मी लेखी अर्ज दिलाय आणि पोच घेतलीये. मागणी एवढीच, की 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' या विषयाला जोडून प्रत्येक जुन्या ठरावाचं काय झालं ते वाचून दाखवावं: काम कुणाकडे, कागद कुठे अडलाय, तारीख कोणती. नव्या ठरावात तर जबाबदार माणसाचं नाव आणि मुदत असल्याशिवाय सही करू नये. एका सदस्यांनी 'ताई, असं नमुन्यात बसत नाही' म्हणून सांगितलं. ठरावाच्या मजकुरात दोन ओळी वाढवायला कुठलाही नमुना आड येत नाही, हे मी त्यांना वही उघडून दाखवलं.

महिला सभा आदल्या दिवशी आहे. पहिला विषय पत्र्यांचाच घेणार आहोत, अंदाजपत्रकाच्या तारखेसकट.