तेहेतीस कोटी आणि सतराचा पाढा

गेल्या आठवड्यात आठवीवर ऑफ तास होता. ऑफ तासाला शिकवणं वगैरे नसतं, मोठ्या सरांच्या फेरीत पोरांचा आवाज येऊ नये एवढंच. त्यासाठी माझा बारा-तेरा वर्षांचा ठरलेला खेळ आहे. फळ्यावर ३१ लिहायचं, मूळ संख्या का? हो. मग ३३१, ३३३१, डावीकडे एकेक तीन वाढवत जायचं, पोरं भाग देऊन दमतात, भाजक काही सापडत नाही. शेवटी मी ठोकून देते की कितीही तीन लावा, मूळच राहणार. हे मी कुठं वाचलं तेही आठवत नाही.

त्या दिवशी पोरांनी फळ्यावर ३३,३३,३३,३३१ पर्यंत गाडी नेली. एकजण ओरडला "तीस तीन कोटी" (२०१९ ला दुसरीच्या पुस्तकात ते नवीन संख्यावाचन आलं ना, तीच ही बॅच), दुसरा म्हणाला तेहेतीस कोटी देव, आणि त्या हशात मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, ह्याला सतराने भाग जातोय."

मी वही न बघताच म्हणलं, "अगं, शून्य खाल्लं असशील, बस खाली." कारण निम्मा वर्ग तिथंच मरतो, १३ मध्ये १७ जात नाही तर वर ० लिहायचं आणि मग पुढचा अंक उतरवायचा, पण पोरं ० न लिहिताच पुढचा अंक ओढतात, पाचवीपासून ओरडतोय आम्ही.

मधल्या सुट्टीत राहवेना म्हणून वही मागवली. ३३ मध्ये एकदा, बाकी १६. १६३ मध्ये ९ वेळा, बाकी १०. १०३ मध्ये ६, बाकी १. आता १३, आणि वर शून्य होतं, चांगलं गोल गरगरीत! पुढे १३३ ला ७, १४३ ला ८, ७३ ला ४, बाकी ५, शेवटचा १ उतरवला, सतरा त्रिक एक्कावन्न. बाकी शून्य. भागाकार १,९६,०७,८४३.

म्हणजे ३१ पासून ३३३३३३३१ पर्यंतच्या सात संख्या खरंच मूळ, आठवीच फुटते, आणि माझी घंटा इतकी वर्षं त्याच्या आधीच व्हायची. शेजारच्या सरांना दाखवलं तर म्हणाले, "परीक्षेला येणारे का? मग सोडा." हे स्कॉलरशिपचे जादा तास घेतात, काय बोलायचं.

दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. तिला विचारलं, सतराच का गं? "७, ११, १३ ने जाईना, मग १७." बस्स. मी "नेहमी" म्हणताना एवढंही केलं नव्हतं.

मग तिनेच विचारलं, ३१ ने पुढच्या कुठल्या संख्येला भाग जाईल का? बसलो दोघी. नुसत्या तीनांची रांग ३१ ने भागत जायची, तर पंधराव्या तीनला बाकी शून्य! शेवटच्या ३१ ला ३१ ने भाग जातोच, म्हणजे ३१ च्या डावीकडे पंधरा तीन लावले की ती सतरा आकडी संख्या ३१ च्या पाढ्यात, १७ चं झंझट नसतं तरी हा खेळ कधीतरी मोडणारच होता.

काल येऊन विचारते, ३३१ ला किती तीन लागतील? पेपरांचा गठ्ठा बाजूला ठेवून तेच करत बसलेय, चाळीस तीन झाले, बाकी अजून शून्य नाही.