फ्लॅट टॉप्समध्ये एल्कच्या शिकारीला जाताना करवत कुठली न्यावी

"हाडं आणि लाकूड, दोन्हीला एकच" म्हणून दुकानात जी सुट्या भागांची करवत पुढे करतात, ती घेऊ नका. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत फ्लॅट टॉप्स विल्डरनेस म्हणजे राखीव रान आहे, तिथून एल्कच्या, म्हणजे तिकडच्या थोराड हरणाच्या, ऑक्टोबरमधल्या रायफल सीझनहून नुकताच उतरलोय, खांदे अजून भरून आहेत, तेव्हा सूर कडक लागला तर चालवून घ्या. भारतात १९७२ च्या कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला. त्यामुळे हे डेन्व्हर-बोल्डरकडच्या आपल्या मंडळींसाठी. लायसन्स, नारिंगी जाकीट, तीन हजार मीटरवर ओझं घेऊन चालायची सवय, हे तुमच्याकडे आहे असं धरून चालतो.

चेनसॉचा विचार सोडा. १९६४ च्या विल्डरनेस कायद्यानुसार तिथे मोटरवर चालणारी अवजारं चालत नाहीत, बॅटरीवरचीसुद्धा. वनखात्याची माणसंही तिथे दोघांनी ओढायच्या लांब करवतीनेच वाटा मोकळ्या करतात. एका वादळात आडवी झालेली झाडं हटायला मग किती वेळ लागत असेल, हिशेब करा.

आमचा हिशेब तिथल्या ट्रॅपर्स लेक तळ्याच्या वर चुकला. २००२ च्या बिग फिश वणव्यात जळालेली झाडं तिथे वर्षानुवर्षं उभीच्या उभी वाळलीत आणि वारा सुटला की एकेक वाटेवर येतं. सामान वर सोडायला ठरवलेला खेचरवाला म्हणाला होता, "वाट साफ आहे." वाट साफ नव्हती. तिसऱ्या ओंडक्यापाशी त्याने खेचरं थांबवली आणि शांतपणे सांगितलं, की तुम्ही कापा नाहीतर परत फिरू, थांबण्याचे पैसे तासावर लागतील. उजवीकडे उतार, डावीकडे एकात एक अडकलेल्या खोडांचा खच, खेचराला वळसा घालायला जागा नाही. सगळी सहल एकीकडे आणि तो अर्धा मैल एकीकडे.

तिथे माझ्या त्या सुट्या भागांच्या करवतीची लायकी कळली. चौकट जोडायची, पातं बसवायचं, चाकीचा नट पिळून ताण द्यायचा, हे सगळं गारठलेल्या बोटांनी. आणि मूळ दोष नट-बोल्टचा नाहीच, चौकटीचा आहे. पातं लाकडात जसं खाली जातं तशी चौकटीची वरची दांडी ओंडक्याला टेकते. दांडी आणि पात्यामधल्या अंतराहून जाड लाकूड एका बाजूने कापून होणारच नाही. तंबूतल्या चुलीच्या सरपणाला ती ठीक. वाटेवरच्या ओंडक्याला निरुपयोगी.

सोबतच्या मित्राकडे सिल्की बिगबॉय होती: घडीची, ३६० मिलिमीटरचं पातं, वजन साधारण ४०० ग्रॅम. खिंड तिनेच लढवली. निकाल सरळ आहे, हीच घ्या. ७०-८० डॉलर जातात, जाऊ द्या. हे जपानी पातं ओढताना कापतं. परत नेताना जोर लावलात तर वाकेल, नाहीतर तुटेल. जिथे वाट साफ असल्याची स्वतः खात्री केली आहे आणि फक्त सरपण काढायचंय, तिथे बाहकोची लॅपलँडर, १९० मिलिमीटरची, पुरते. दोन्ही हातांनी ओढायची तारेची करवत घरी ठेवा.

कापताना घाई नको. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला आणि मध्ये अधांतरी असेल, तर वरची बाजू दाबाखाली असते. सगळं वरूनच कापत गेलात तर काप मिटतो आणि पातं धरलं जातं. वरून साधारण तिसरा हिस्सा कापा, मग खालून वर या. एकच टोक हवेत असेल तर उलट: आधी खालून थोडं, मग वरून. एक लाकडी पाचर खिशात असू द्या. आणि उभ्या वाळक्या झाडाच्या टप्प्यात तंबू ठोकू नका, जागा कितीही सपाट दिसली तरी.

आता हाडं. एल्क सोलायला करवत लागत नाही. पोट न फाडता चारही पाय, पाठीचं आणि मानेचं मांस नुसत्या सुरीने निघतं. पुढचा पाय सांध्यात बसलेलाच नसतो, मागचा खुब्यातून सुटतो. शिवाय कोलोरॅडोच्या हरणांत आणि एल्कमध्ये सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग आहे आणि मेंदू-मणक्यातून करवत चालवू नका अशीच सूचना असते. शिंगांसाठी कवटी कापायचीच असेल तर त्याला वेगळी स्वस्त करवत ठेवा, सरपणाची नको.

मधले दिवस झकास गेले, हवा छान, एल्क मिळाला. खरा चटका उतरताना बसला. मांस खाली आणायचा ठरलेला दर "खेचरामागे" आहे, "एल्कमागे" नाही, हे आम्हाला पायथ्याशी सांगण्यात आलं. मोठ्या नराला दोन खेचरं लागतात, शिंगं वेगळी. ठरवतानाच दर लिहून घ्या, थांबण्याचे पैसे कधीपासून मोजणार तेही लिहून घ्या, आणि आउटफिटरचा, म्हणजे शिकारीची अशी सोय करणाऱ्या खेचरवाल्याचा, राज्याचा नोंदणी क्रमांक मागा. तो द्यायला कुरकुर केली तर दुसरा बघा. वाटेबद्दल त्याला विचारूच नका, निघायच्या आधी वनखात्याच्या रेंजर ऑफिसला फोन करा.