स्नेक अ‍ॅली क्रिटेरियम: गल्लीच्या तोंडाशी ठरणारी शर्यत

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी अमेरिकेत मेमोरियल डेची सुट्टी असते. त्याच्या आदल्या शनिवारी आयोवा राज्यातल्या बर्लिंग्टन गावात स्नेक अ‍ॅली क्रिटेरियम भरते. क्रिटेरियम म्हणजे गावातल्याच छोट्या बंद रस्त्यावर अनेक फेऱ्या मारायची सायकल शर्यत. १९८३ साली सुरू झालेली ही शर्यत मिडवेस्टमधल्या (अमेरिकेच्या मध्य-उत्तर भागातल्या) हौशी सायकलपटूंच्या तोंडी कायम असते, आणि त्याला कारण आहे एक गल्ली. मिसिसिपी नदीकाठचं हे गाव टेकडीवर चढत गेलेलं आहे. खालची बाजारपेठ आणि टेकडीवरची वस्ती जोडायला १८९४ मध्ये ही नागमोडी गल्ली बांधली. पाच अर्धवळणं, दोन पाववळणं, लांबी ८४ मीटर आणि तेवढ्यात जवळजवळ १८ मीटर चढ. म्हणजे सरासरी २१ टक्के. फरशी विटांची, कडेला चुनखडीच्या दगडाची किनार. उतरताना घोड्याच्या टापा घसरू नयेत म्हणून विटा मुद्दाम तिरप्या बसवलेल्या आहेत. अग्निशमन दलाचे घोडे पारखायला याच गल्लीतून वर पळवत, असं सांगतात; वर पोचल्यावर ज्याचा श्वास चालू तो पास. शर्यतीत उतरायचं असेल तर ही गोष्ट लक्षात असलेली बरी.

पूर्ण फेरी दीड किलोमीटरहूनही कमी. गल्लीतून वर, माथ्यावर थोडा सपाट रस्ता, मग झपाट्याने उतार, काटकोनी वळणं आणि पुन्हा गल्लीच्या पायथ्याशी. वर्गानुसार फेऱ्या कमी-जास्त असतात. पंधरा फेऱ्या धरल्या तर नुसत्या गल्लीचाच चढ २६५ मीटरच्या पुढे जातो. आकडा घाटात चढणाऱ्याला किरकोळ वाटेल, पण घाटात तो एका लयीत चढायचा असतो. इथे तो पंधरा तुकड्यांत येतो आणि प्रत्येक तुकड्यात श्वास सुटतो.

७५ किलोचा स्वार आणि ८ किलोची सायकल धरा. गल्ली २५ सेकंदांत चढायची तर केवळ उंची कमवायला सरासरी ५८० वॅट लागतात, २० सेकंदांत चढायची तर ७२५. विटांचं घर्षण वेगळं. ताजेतवाने असताना हे बहुतेकांना एकदा जमतं, चारदाही जमतं. आठव्या फेरीला मात्र मांड्या साफ नकार देतात. म्हणून पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत गल्लीच्या आत कोणाला मागे टाकायचा मोह आवरावा. तिथे एक जागा पुढे सरकायला जेवढी ताकद जाते, तेवढ्यात सपाट रस्त्यावर चार जागा मिळतात.

आता मुख्य मुद्दा. गल्ली अरुंद आहे आणि सगळा घोळका एकाच वेळी तिच्या तोंडाशी येतो. पुढचे दहा-बाराजण वेग न मोडता आत शिरतात. ताशी ३० किलोमीटरने शिरणारा आणि ताशी २० ने शिरणारा यांच्यात, निव्वळ वेगातल्या ऊर्जेच्या हिशेबाने, दोन मीटर उंचीचा फरक पडतो. अठरापैकी दोन मीटर फुकटात. मागच्यांच्या नशिबी मात्र ब्रेक, रांग आणि जवळपास थांबल्यावर पुन्हा जोर लावणं. शिवाय प्रत्येकाकडून अर्ध्या सेकंदाची ढिलाई झाली तरी तिसावा स्वार पंधरा सेकंद मागे पडतो आणि तेवढ्यात पुढचे उताराला लागलेले असतात. चढणाऱ्यांची शर्यत म्हणून तिची ख्याती असली तरी निकाल बराचसा गल्लीच्या तोंडाशी लागतो. सुरुवातीच्या रेषेवर लवकर उभं राहा. पहिल्या रांगा कशा लावणार (नोंदणीच्या क्रमाने, मानांकनाने की आधी येईल तो पुढे) हे आयोजकांच्या माहितीपत्रकात आधीच पाहून ठेवा आणि नोंदणी शेवटच्या दिवसावर ढकलू नका. शिट्टी वाजल्यापासून गल्लीच्या तोंडापर्यंत स्प्रिंट मारायची, शर्यत पुढे कितीही लांब असली तरी.

त्यासाठी अंग आधीच तापलेलं हवं. २५ ते ३० मिनिटांचा वॉर्म-अप, त्यात शेवटी २०-२० सेकंदांचे तीन जोरकस झटके, मध्ये तीन मिनिटं हलके पेडल. शेवटचा झटका सुरुवातीच्या दहा मिनिटं आधी संपवावा. थंड पायांनी पहिली गल्ली चढणाऱ्याला पुढच्या पाच फेऱ्या ती भरपाई करण्यात घालवाव्या लागतात.

गिअरच्या बाबतीत मात्र अनेकांचं घोडं पेंड खातं. ३९ दातांच्या चेनरिंगवर (पेडलजवळच्या चकतीवर) मागच्या चाकाच्या चकतीला २५ दात असतील तर ताशी १० किलोमीटर वेगाला पेडलचे फेरे मिनिटाला जेमतेम ५० पडतात. विटांवर इतक्या जड फेऱ्यात मागचं चाक झटके खातं आणि सुटतं. ३४ वर २८ असेल तर ताशी १२ ला ७८ फेरे मिळतात, ३४ वर ३० असेल तर ८४. ३६ ची चेनरिंग असलेल्यांनी मागे ३० लावावी. 'आपल्याला एवढा हलका गिअर लागत नाही' असं म्हणणारे बहुधा सहाव्या फेरीनंतर सायकल हातात धरून वर येताना दिसतात.

गिअर असून चालत नाही, तो वेळेवर पडला पाहिजे. पुढची चेनरिंग मोठीवरून लहानवर आणायची ती गल्लीच्या पन्नास-साठ मीटर आधी, पेडलवरचा जोर एक फेरा हलका करून, आणि मागे चेन कॅसेटच्या (मागच्या चाकावरच्या चकत्यांच्या संचाच्या) मधल्या चकत्यांवर असताना. गल्लीत शिरल्यावर पूर्ण जोरात असताना हे केलं की चेन आतल्या बाजूला उतरते आणि फ्रेमला अडकून बसते. इलेक्ट्रॉनिक गिअरही याला अपवाद नाहीत. चेन कॅचर (चेन आत उतरू न देणारा छोटा तुकडा) नसेल तर बसवून घ्या, तो चिमूटभर वजनाचा असतो. मागचा हँगर (गिअर बदलणारा डिरेलर ज्याला लावतात तो फ्रेमचा तुकडा) किंचित वाकलेला असेल तर सगळ्यात मोठ्या चकतीवरून चेन स्पोकमध्ये जाते आणि मग शर्यत तिथेच संपते. हँगर आणि लो लिमिट स्क्रू (चेनला स्पोककडे जाण्यापासून रोखणारा) स्टँडवर तपासून भागत नाही, कारण जोर पडल्यावर फ्रेम आणि डिरेलर दोन्ही थोडे वाकतात. खऱ्या उभ्या चढावर, बसून, जोर लावून एकदा पाहा.

टायर २८ मिलिमीटरचे, हवा ७५ किलोच्या स्वाराला ६० ते ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक). डांबरावर ७० चालेल, पण विटांवर टणक टायर उड्या मारतो आणि उडालेल्या टायरला पकड नसते. पाऊस असेल तर आणखी ५ कमी करा. ओल्या विटा साबणासारख्या असतात, त्यातही कडेची दगडी किनार जास्त. आत ट्यूब असेल तर फार खाली जाऊ नका, दगडाच्या कडेवर चिमटा बसून पंक्चर होतं.

आता गल्लीच्या आत. उभं राहून चढायची सवय असते, पण इथे वजन पुढे गेलं की मागचं चाक मोकळं पडतं. विटेवर ते 'खर्र' असा आवाज करून अर्धा फेरा जागीच फिरतं, आणि तो अर्धा फेरा तुम्हाला पडायला पुरेसा होतो. सॅडलच्या टोकावर बसा, कोपरं वाकवा, छाती हँडलकडे झुकवा, हँडल वर ओढू नका. पुढचं चाक उचललं जात असेल तर आणखी पुढे सरका. उभं राहायचंच असेल तर दोन वळणांमधल्या तुकड्यात आणि कंबर मागे ठेवून.

वळणाच्या आतल्या बाजूला चढ सगळ्यात तीव्र असतो. बाहेरून रस्ता दोन-तीन मीटर लांब पडतो, पण पेडल फिरत राहतं. घोळक्यात आतली वाट घेणारे तिथेच अडतात, म्हणून बाहेरची वाट धरावी. पुढच्यात आणि आपल्यात एका चाकाचं अंतर ठेवा. सपाटीवर हे मागे पडणं वाटतं, इथे ते वाचणं असतं, कारण पुढच्याचा पाय जमिनीवर आला की तुम्हाला वळसा घालायला जागा उरते.

पाय टेकलाच तर पुन्हा क्लिप लावायच्या (बूट पेडलमध्ये अडकवायच्या) भानगडीत पडू नका. २१ टक्क्यांवर पहिलं पेडल मारता मारता दुसरा पाय शोधावा लागतो आणि तेवढ्यात सायकल मागे येते. शिवाय गल्लीत सायकल आडवी लावून निघण्याइतकी जागा नसते. सरळ उतरा, कडेला व्हा आणि हँडल धरून सायकल ढकलत पळा. रोडच्या तीन बोल्टच्या क्लीटला (बुटाच्या तळाचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) विटेवर पकड नसते, टाच टेकवत लहान पावलं टाका. माथ्यावरच्या सपाटीवर चढून बसा. तिथे आधीच सायकल मधल्या गिअरमध्ये असली तर बरं, सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पाय हवेत फिरतात. माउंटन बाइकचे दोन बोल्टचे क्लीट वापरणारे इथे सुखी असतात. पहिल्यांदाच येणाऱ्याला तो विचार करायला हरकत नाही.

माथ्यावर पोचल्यावर श्वास घ्यायला थांबलं की संपलं. मागून येणारे तिथेच जोर लावून फट पाडतात. दहा-बारा पेडल जोराने मारून पुढच्याचं चाक धरायचं आणि मग उतारावर विश्रांती घ्यायची. पाणी याच सपाटीवर, दोन घोट. उतारावर बाटलीला हात लावू नये. पाऊण तासाच्या शर्यतीला ५०० मिलिलिटरची एक बाटली पुरते, दुसरी म्हणजे अर्धा किलो प्रत्येक फेरीला वर वाहून नेणं. मात्र मे अखेरीस तिथे दमट उकाडा असू शकतो, तेव्हा पाणी आधीच्या दोन तासांत पोटात गेलेलं हवं.

उतारावर लोक चढापेक्षा जास्त पडतात. दमलेला माणूस उशिरा ब्रेक लावतो, हेच कारण. ब्रेकचं काम वळणाआधी, सायकल सरळ असतानाच संपवायचं. वळताना बाहेरचा पाय खाली, त्यावर वजन, हात ड्रॉप्सवर (हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागावर), नजर वळणाच्या पलीकडे. गटारांची झाकणं आणि रंगवलेले पट्टे चालत एकदा पाहून ठेवा. नवीन ब्रेक पॅड शर्यतीच्या आदल्या रात्री बसवू नका. घासून नीट पकड यायला त्यांना पंधरा-वीस चांगले ब्रेक लागतात.

नियमांचं थोडक्यात. यूएसए सायकलिंगचा (अमेरिकेतल्या सायकल शर्यतींच्या संघटनेचा) परवाना लागतो, वर्षभराचा नसेल तर एका दिवसाचा. हँडलच्या दोन्ही टोकांना प्लग हवेत, नसतील तर रेषेवरूनच परत पाठवतात. क्रिटेरियममध्ये पंक्चर किंवा पडझड झाल्यास एक फेरी माफ मिळण्याची सोय असते, पण ती आहे का आणि पिट (सायकल दुरुस्त करून पुन्हा शर्यतीत सोडतात ती जागा) कुठे आहे हे मुख्य पंचांना रेषेवर विचारून घ्या. असली तरी शेवटच्या ८ किलोमीटरमध्ये ती मिळत नाही, आणि चेन उतरली म्हणून ती मागता येत नाही. तो दोष स्वाराचाच धरतात. फार मागे पडणाऱ्यांना पंच बाजूला काढतात. वाद घालू नका, अरुंद गल्लीत मागून येणाऱ्या आघाडीच्या स्वारांना वाट द्यायची तर दुसरा उपाय नाही.

शिकागोहून गाडीने साधारण चार तास. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी पोचा आणि गल्ली पायी चढून या, मग सायकलने दोनदाच. जास्त नको. याच सुट्टीत रविवारी मस्कटीनमध्ये मेलन सिटी आणि सोमवारी क्वाड सिटीज क्रिटेरियम असते. तिन्हीत उतरणार असाल तर शनिवारी रात्रीच क्लीटमधली विटांची भुकटी झाडा, टायरच्या बाजू हाताने चाचपून चिरा पाहा आणि हवा पुन्हा वाढवा. बर्लिंग्टनच्या ६० पीएसआयवर दुसऱ्या दिवशीची डांबरी वळणं घेताना टायर बाजूला लोळतो.