टायमिंग चेनची खडखड: आवाज ओळखण्यापेक्षा ऐकवणंच अवघड

गाडी पेट्रोल, चेनचं इंजिन (पिस्टन फिरवतात तो क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांचा मेळ राखते ती टायमिंग चेन), दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली. परभणीत डिसेंबरात पारा एक आकडी येतो. त्या थंडीत सकाळी सेल्फ मारला की पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तशी खडखड यायची आणि दोन-तीन सेकंदांत थांबायची. मग दिवसभर गाडी शांत. असा आवाज ज्यांच्याकडे येतोय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

चेनला ताण देणारा टेन्शनर इंजिन ऑईलच्या दाबावर चालतो. रात्रभरात ऑईल खाली चेंबरमध्ये उतरतं. सकाळी दाब तयार होईपर्यंत चेन सैल असते, ती गाईडवर, म्हणजे तिला सरळ धरणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर, आपटते. दाब आला की आवाज गायब. म्हणजे गार इंजिनचा पहिला सेल्फ, तेवढीच संधी. एकदा गाडी चालू झाली की पुढचे कित्येक तास काही ऐकू येत नाही.

हे शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपला समजावता समजावता मी थकलो. मी गाडी चालवत नेणार, म्हणजे इंजिन गरम. ॲडव्हायझरने बॉनेट उघडलं, कान दिला, "सर, आवाज तर काहीच नाही." जॉब कार्डवर तसंच लिहिलं. मोबाईलवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं तर म्हणे टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारा भाग) असेल, एवढ्या रनिंगला चालायचंच. शेवटी म्हटलं, गाडी रात्रभर इथेच ठेवा, सकाळी माझ्यासमोर चालू करा. कार्डवर लिहूनही घेतलं. सकाळी जाऊन बघतो तर गाडी वॉशिंग रॅम्पवर, पाणी निथळतंय. धुणाऱ्या पोराने आल्या आल्या चालू करून तिकडे लावली होती. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, त्याला काय बोलणार? पुन्हा ठेवली, तर मागची गाडी काढायची म्हणून वॉचमनने हलवली. आणि वर दुपारी फोन: "इंजिन खोलून बघावं लागेल, अप्रूव्हल द्या." अहो, तुम्ही आवाज ऐकलाच नाही, मग खोलून काय बघणार? उत्तर एकच, "सर, प्रोसेस आहे." दोन सेकंद कान द्यायचे होते फक्त. त्यासाठी गिऱ्हाइकाने किती खेटे घालायचे? आजही आठवलं की डोकं तापतं.

म्हणून आधीच सांगतो. गाडी रात्रभर ठेवायची तर किल्ली सोबत घेऊन जा. त्याहून बरं, मेकॅनिकला सकाळी घरी बोलवा.

मला जिंतूर रोडवरचे एक जुने उस्ताद भेटले. पहिलंच वाक्य, "ठंडी गाडी दिखाव सर, गरम में क्या सुनूं मैं?" तिथेच निम्मा भार उतरला. सकाळी नमाज करून ते घरी आले. आधी डिपस्टिक काढली, कारण लेव्हल खाली असली तरी असाच आवाज येतो. लेव्हल बरोबर होती. मग सेल्फ मारण्याआधीच फॅन बेल्ट उतरवला. गार सेल्फ एकच मिळतो, तो वाया घालवायचा नाही. लांब पेचकस टायमिंग कव्हरला, म्हणजे चेनवरच्या झाकणाला, टेकवला, मूठ कानाला लावली आणि मला मान हलवून खूण केली. खडखड आलीच. बेल्ट नसताना आली, म्हणजे अल्टरनेटर, वॉटर पंप, एसीची पुली सगळे संशयातून सुटले. टॅपेटचा आवाज वरून, व्हॉल्व्ह कव्हरकडून येतो आणि रेससोबत टिकटिक करत वाढतो. हा बाजूने, गिअरबॉक्सच्या विरुद्ध टोकाकडून, म्हणजे चेनकडूनच येत होता.

स्कॅनरवर कोड नव्हता. त्यावर निर्धास्त होऊ नका. पी ००१६ हा कोड क्रँक आणि कॅमचा मेळ बिघडल्यावर येतो, खडखड त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. चेनने दात सोडले तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, आणि मग खर्च नुसत्या चेनचा राहत नाही.

"जाड ऑईल टाका, आवाज दबेल" असं सांगणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. थंडीत जाड ऑईल टेन्शनरपर्यंत पोचायला उलट उशीर लागतो. गाडीच्या पुस्तकात असेल तोच ग्रेड टाका, माझ्या गाडीत ५ डब्ल्यू ३०. ऑईल फिल्टरही चांगला घ्या. त्यात ऑईल परत उतरू नये म्हणून रबरी व्हॉल्व्ह असतो, स्वस्त फिल्टरमध्ये तोच कुचकामी निघतो. नुसतं ऑईल-फिल्टर बदलून आवाज गेला तर नशीब समजा. माझा कमी झाला, गेला नाही.

कव्हर उघडल्यावर टेन्शनरचा दांडा जवळपास पूर्ण बाहेर आलेला दिसला. गाईडचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं, त्यात चेनच्या दोन खोल चऱ्या. उस्तादांनी जुनी आणि नवी चेन एकाच खिळ्याला टांगली, जुनी खाली लोंबत होती. चेनचं लोखंड ताणलं जात नाही, कड्यांच्या पिना आणि बुश झिजतात, प्रत्येक सांध्यात थोडं थोडं. म्हणून एकटा टेन्शनर बदलून भागत नाही. चेन, दोन्ही गाईड, टेन्शनर आणि स्प्रॉकेट (चेन फिरते ती दातेरी चाकं) एकत्रच बदला. चेंबर उतरवून ऑईल ओढून घेणारी जाळीही बघून घ्या, गाईडचे तुकडे तिथे अडकले तर ऑईलचा दाबच पडतो. माझ्या जाळीत दोन निघाले.

जुने पार्ट मागून घ्या. आणि बिल पूर्ण चुकवण्याआधी एक रात्र गाडी उभी ठेवून सकाळचा पहिला सेल्फ मेकॅनिकसमोर मारा. उस्तादांनी तर स्वतःच सांगितलं, उरलेले पैसे उद्या, आवाज ऐकून द्या.